‘सावली’ म्हटलं की भीती वाटत नाही: एका वाचन कट्ट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला आमचा वाचन कट्टा भरतो. २०२३ च्या पावसाळ्यात तिथे जे झालं त्याची ही नोंद. कुणाचंही नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. ज्या पुस्तकावरून हे सगळं घडलं त्यातही खरं नाव कुणी चारचौघांत सांगत नाही, त्यामुळे ते शोभूनही दिसेल.

कट्ट्यावर तेव्हा चौदा जण होते. नऊ मोठे, पाच मुलं. मोठ्यांत एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना अख्खी सोसायटी ‘बाई’ म्हणते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका. बाकी बहुतेक आठवडाभर लोकलचे धक्के खाऊन रविवारी दोन तास स्वतःसाठी काढणाऱ्या बायका. मुलं सातवी ते अकरावीतली. ती वाचायला यायची नाहीत, आया यायच्या म्हणून यायची. मागच्या खुर्च्यांवर मोबाइल बघत बसायची आणि पोहे आले की पुढे सरकायची.

मे महिन्यात एक आई म्हणाली, “ताई, यांच्यासाठी पण एखादं पुस्तक घ्या की. मी तरी किती दिवस हिला ओढून आणू?” संयोजक मी. तिथल्या तिथे ‘घेऊ’ म्हटलं आणि घरी जाऊन एकटीनेच पुस्तक ठरवून टाकलं. पहिला निर्णय तोच होता, आणि आपण काही निर्णय घेतोय हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

पुस्तक होतं उर्सुला के. ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. १९६८ साली बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढलेलं. प्रकाशकांनी लेखिकेला कुमारवयीन मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, आणि पांढऱ्या दाढीचे म्हातारे जादूगार तरुणपणी काय करत असतील, या प्रश्नापासून तिने सुरुवात केली. अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, आई लहानपणीच गेलेला एक शेळ्या राखणारा पोरगा. अंगात जादू भरपूर आणि गर्व त्याहून जास्त. जादूगारांच्या शाळेत एका श्रीमंत पोराशी चढाओढ करताना तो मेलेल्या राणीचा आत्मा बोलवायला जातो आणि अंधारातून एक भलतीच ‘शॅडो’ जगात घेतो. पुढचं सगळं पुस्तक आधी तिच्यापासून पळण्यात आणि मग तिच्या मागे लागण्यात जातं.

प्रकरणं दहाच, पानं दोनशेच्या आसपास. ग्रुपवर मी लिहिलं, ‘सोपं आहे, मुलांचं आहे, सगळ्यांना जमेल.’ या एका ओळीत तीन चुका आहेत.

अडचण

तीन प्रती विकत घेतल्या, काहींनी फोनवर ई-बुक घेतलं. संपूर्ण पुस्तकाच्या चौदा झेरॉक्स काढण्याचा प्रस्ताव आला, तो आम्ही नाकारला. लेखिका २०१८ मध्ये गेली, हक्क शाबूत आहेत. त्यावर फार चर्चा झाली नाही.

जुलैची बैठक मात्र पहिल्या दहा मिनिटांतच घसरली. मी नेहमीसारखं विचारलं, “कसं वाटलं? आवडलं का?”

सातवीतला मुलगा म्हणाला, “हॅरी पॉटरची कॉपी आहे.” अकरावीतल्या दादाने त्याला सांगितलं की हे १९६८ चं आणि ते १९९७ चं, म्हणजे हे एकोणतीस वर्षं आधीचं. मुलाने क्षणभर विचार केला. “मग बोअर का आहे?”

प्रश्न रास्त होता. पुस्तक जुन्या काळच्या आख्यानासारखं चालतं. संवाद कमी, सांगणं जास्त. “यात व्हिलन कोण आहे तेच कळत नाही,” असंही एकाने म्हटलं. आता मागे वळून बघताना वाटतं, पुस्तकाच्या सगळ्यात जवळ तोच गेला होता, कारण व्हिलन वेगळा कुणी नाहीच. पण तेव्हा मी हसून पुढे गेले.

मोठ्यांची अवस्था निराळी. चौघींना इंग्रजी वाचताना दमछाक होते. त्या दुसऱ्या प्रकरणात अडकल्या होत्या आणि मुलांसमोर तसं सांगायला लाजत होत्या. काकांनी स्पष्टच सांगितलं, “हा पोरखेळ आहे. साठी उलटल्यावर ड्रॅगन कुठे वाचू?”

मग नववीतली एक मुलगी बोलली. फार बोलणारी नव्हेच ती. तिने पहिल्या प्रकरणातल्या दोन म्हणी वाचून दाखवल्या. गाँट बेटावर लोक म्हणतात, बायकांची जादू दुबळी असते. आणि दुसरी म्हण, बायकांची जादू दुष्ट असते. त्या मुलाला पहिले मंत्र शिकवणारी त्याची मावशीच, ती गावची चेटकीण, तरी तिला काही किंमत नाही. शाळेत सगळे मुलगेच. “हे कुणालाच खटकलं नाही का?” तिने विचारलं.

मी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं देते. “अगं, पुस्तक १९६८ चं आहे. तेव्हाचा काळच तसा होता. आपण पुढे जाऊ या.”

“बरं,” म्हणून तिने पुस्तक मिटलं. ते बोट घालून मिटलं नव्हतं, पूर्ण मिटलं होतं. मी ते पाहिलं, आणि तरी पुढे गेले. साडेसहाला हॉल रिकामा करून द्यायचा असतो.

ऑगस्टला ती आली नाही. तिची आई आली नाही. आणखी दोन मुलं क्लासचं कारण देऊन गळली. ग्रुपवर सुप्रभात आणि फुलं एवढंच उरलं.

ऑगस्टची बैठक, जिच्यात काहीच ठरलेलं नव्हतं

त्या रविवारी पाऊस इतका होता की सात जणच आले. चर्चा अशी नव्हतीच. वेळ काढायचा म्हणून मी पुस्तकातला नामकरणाचा प्रसंग मराठीत सांगितला. मुलगा तेरा वर्षांचा होतो. थंडगार झऱ्यातून उघड्याने चालत पलीकडे जातो. पलीकडे ओजियन नावाचा जादूगार उभा असतो. तो मुलाचा दंड धरून कानात नाव कुजबुजतो: गेड. हे त्याचं खरं नाव. रोजच्या वापराला दुसरं, टोपणनावासारखं. खरं नाव ज्याला कळलं त्याचा तुमच्यावर ताबा, म्हणून ते जिवाभावाच्या माणसालाच सांगायचं.

“म्हणजे बारसंच की,” एक ताई म्हणाल्या. “फक्त कानात कुर्र करायला आत्या नाही, बुवा आहे.” हशा झाला. नावांच्या गुरूचं नाव कुर्रेमकार्मेर्रुक आहे असं सांगितल्यावर तर आणखीच. मग पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, ते का, यावर गप्पा सुरू झाल्या. उखाण्यांवर आल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर यमकात गुंडाळून. कुणीतरी दोन उखाणे म्हणूनही दाखवले.

बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझं लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं, आणि मी दुसरी कुणीतरी झाले. तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे, त्यात विशेष काही नाही. पण जुन्या नावाने हाक मारणारं माणूस आता एकच उरलंय, माझा धाकटा भाऊ. भाऊबीजेला फोन करतो तेव्हा मारतो.”

कुणीतरी विचारलं, काय होतं हो ते नाव?

“ते नाही सांगायचं,” बाई म्हणाल्या. “पुस्तकातच लिहिलंय ना.”

काका तोपर्यंत खिडकीपाशी पाऊस बघत उभे होते. ते येऊन खुर्चीवर बसले.

समोरचे पर्याय

त्या रात्री मी, बाई आणि एक ताई असं तिघींनी फोनवर बोलून चार पर्याय मांडले.

पुस्तक सोडून द्यायचं, हा सगळ्यात सोपा. गणपतीचं निमित्त होतंच. पण मग मुलांना एवढंच कळलं असतं की आपलं पुस्तक घेतलं, आपण नावं ठेवली, आणि मोठ्यांनी ते गुंडाळलं.

दुसरा, मुलांचा आणि मोठ्यांचा गट वेगळा करायचा. ताईंना तो पटत होता. त्यांचं म्हणणं, मुलं आयांसमोर मोकळी बोलत नाहीत. खरं होतं ते. पण ऑगस्टला जे घडलं ते बाईंमुळे घडलं होतं, आणि ते ऐकायला मुलं तिथे असायला हवी होती. वेगळे गट केले असते तर बाईंचं तांदळातलं नाव आणि मुलीच्या त्या दोन म्हणी एका खोलीत कधीच आल्या नसत्या.

तिसरा, सोपं आणि मराठी पुस्तक घ्यायचं. याच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा होता, आणि तो मी पुरेसा ऐकला नाही असं आता वाटतं. चौघींना भाषेमुळे बाहेर बसावं लागत होतं. मराठी कट्ट्यावर आपल्यालाच परकं वाटावं, ही साधी गोष्ट नव्हे.

चौथा, पुस्तक तेच ठेवून पद्धत बदलायची. ‘आवडलं का’ विचारायचं नाही. निवडक पानं मोठ्याने, मराठीत सांगत वाचायची. आणि सप्टेंबरची बैठक मी चालवायची नाही.

चौथा घेतला. कोणी चालवायची, यावर मात्र अडलो. त्या मुलीने, असं माझं म्हणणं. बाईंनी शंका काढली: “तिला आपण गप्प केलं म्हणून आता स्टेजवर चढवायचं का? ती तक्रार करणारी म्हणून ओळखली जाईल. ते ओझं नववीतल्या पोरीला कशाला?” या शंकेचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ठरलं एवढंच की आधी जाऊन माफी मागायची, आणि मग ती काय म्हणते ते बघायचं.

काय केलं

मी घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, “ताई, तिला उगाच भांडायला लावू नका हं.” मुलीने पुस्तक आणून दाखवलं. जुलैनंतर तिने ते पूर्ण वाचलं होतं. पुस्तकात जिथे जिथे बाई येते तिथे समासात पेन्सिलीने छोटी फुली होती. फुल्या फार नव्हत्या. शेवटच्या कोऱ्या पानावर यादी होती:

आई – मेली.
मावशी – अर्धवट.
सेरेट – फसवते.
यारो – चुलीपाशी.

मी ‘सॉरी’ म्हटलं. ती म्हणाली, “पण शेवट भारी आहे.” मग जरा थांबून, “दोन्ही खरं असू शकतं ना?”

इथे माझा आणखी एक मोह सांगायला हवा. ले ग्विन यांनी १९९० मध्ये याच मालिकेत ‘तेहानू’ लिहिलं. शेतावर राहणारी एक विधवा त्याच्या मध्यभागी आहे, आणि पहिल्या पुस्तकातली पुरुषांची जादू तिच्या नजरेतून दिसते. म्हणजे मुलीचा आक्षेप लेखिकेने बावीस वर्षांनी स्वतःच हाती घेतला. हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते त्या क्षणी सांगणं म्हणजे ‘बघ, उत्तर आधीच दिलंय’ असं म्हणून तिला दुसऱ्यांदा गप्प करणं झालं असतं. मी काही बोलले नाही. या सगळ्या प्रकरणात मी जाणूनबुजून गप्प बसले ते एवढंच.

बैठक चालवायला ती तयार झाली, एका अटीवर: यादी वाचणार नाही. “ती माझी आहे.”

सप्टेंबरला अकरा जण आले. तिने सुरुवातीला प्रत्येकाला विचारलं, गेड दिसायला कसा आहे? सातवीतल्या मुलाने जुलैतच चित्र काढलं होतं. हातात काठी, पिवळे केस, चेहरा खडूच्या डब्यातल्या ‘स्किन कलर’ने, म्हणजे त्या फिकट गुलाबी रंगाने, नीट भरलेला. बाकीच्यांची वर्णनंही थोडीफार तशीच. मग तिने एक ओळ वाचली. गेड तांबूस तपकिरी आहे. त्या बेटांवरचे बहुतेक लोक तसेच. त्याचा जिवलग मित्र व्हेच त्याहून काळा. गोरेपान आणि पिवळ्या केसांचे आहेत ते पहिल्या प्रकरणात गाव जाळायला आलेले लुटारू.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. “मीही गोराच धरला होता,” काका म्हणाले. तेव्हा कळलं की काका वाचतायत. दादाने फोनवर शोधून सांगितलं की २००४ मध्ये यावर टीव्ही मालिका आली तेव्हा गेडचं काम गोऱ्या नटाला दिलं होतं, आणि लेखिकेने त्याबद्दल जाहीरपणे नाराजी लिहिली होती. सातवीतल्या मुलाने काही न बोलता तपकिरी खडू घेतला आणि गुलाबी चेहऱ्यावरून फिरवायला लागला. मेणाचा रंग मेणावर बसत नाही. चेहरा डागाळला. “असाच राहू दे,” म्हणाला, “त्याला वण पण आहे.” आहेच; त्या सावलीने चेहरा फाडलेला असतो.

सावली. खरी भांडणं त्या शब्दावरून झाली. मी मराठीत सांगत होते आणि ‘शॅडो’ला सावली म्हणत होते. “सावली म्हटलं की भीतीच वाटत नाही,” मुलगा म्हणाला. खरंच आहे. मराठीत सावली झाडाची असते, आईची असते. उन्हातून आलेला माणूस सावलीला बसतो. सावलीच्या मागे लागून कोण कशाला पळेल? दादाने ‘छाया’ सुचवलं. ते सिनेमातलं वाटलं. ‘पडछाया’ काकांचं, त्याला दोन मतं मिळाली. कुणी ‘काळी आकृती’ म्हणालं, त्यावर हसू आलं. अर्धा तास यातच गेला, आणि ज्या चौघी दोन महिने इंग्रजीमुळे गप्प होत्या त्या या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त बोलल्या. भाषेमुळे बाहेर पडलेल्या बायका भाषेवरूनच आत आल्या. हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

मग मुलीने शेवट सांगितला. समुद्राच्या टोकाशी, पाण्याची वाळू झाल्यासारख्या जागी, गेड आणि ती वस्तू समोरासमोर येतात आणि दोघं एकाच वेळी एकमेकांचं नाव उच्चारतात. नाव एकच असतं.

“मग सावलीच,” बाई म्हणाल्या. “जी आपलीच असते आणि सोबत येते, तिला दुसरं काय म्हणणार?”

“पण बाई, सुरुवातीला ते माहीत नसतं ना,” मुलगी म्हणाली. “आधी भीती वाटायला पाहिजे.”

काय निष्पन्न झालं

दोन सदस्य कायमचे गेले. त्यातल्या एक जाताना ग्रुपवर लिहून गेल्या की मराठी कट्ट्यावर तीन महिने एका इंग्रजी पुस्तकाला देणं त्यांना पटलं नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पाचपैकी तीन मुलं टिकली. गळलेल्या दोघांची कारणं क्लासचीच असतील, पण जुलैची बैठक चांगली झाली असती तर क्लासची वेळ बदलली असती का, हे मला माहीत नाही.

म्हणींचा प्रश्न सुटला नाही, आणि तो सुटावा असा मी आता प्रयत्नही करत नाही. दोन ताईंना आजही वाटतं की जुन्या पुस्तकाला आजची फुटपट्टी लावू नये. मुलीला वाटतं लावावी, आणि तरी पुस्तक वाचावं.

ऑक्टोबरमध्ये तिने स्वतःहून मालिकेतलं दुसरं, १९७१ चं ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ वाचलं. त्यात तेनार नावाच्या लहान मुलीला घरातून उचलून देवळात नेतात, आणि पुजारीण करताना तिचं नाव काढून घेतात. त्यानंतर ती ‘आर्हा’, म्हणजे जिला खाऊन टाकलं आहे ती. मुलीने ते पुस्तक कट्ट्यावर आणलं नाही. थेट बाईंच्या घरी गेली. तिच्या आईने नंतर सांगितलं की दोघी दोन तास बसल्या होत्या, आणि घरी आल्यावर ती म्हणाली की बाईंचं माहेरचं नाव आता तिला माहीत आहे. काय ते मात्र आईलाही सांगितलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुस्तक एकटीने ठरवायला नको होतं. दोन-तीन पुस्तकांची पहिली चार पानं सगळ्यांसमोर वाचून मग ठरवलं असतं तर इंग्रजीची अडचण मे महिन्यातच कळली असती. आता तसंच करतो.

‘मुलांचं आहे’ म्हणून ओळख करून द्यायला नको होती. त्या शब्दाने काकांना पुस्तक बघायच्या आधीच सूट मिळाली, आणि मुलांना वाटलं की हे आपल्यासाठी म्हणून मुद्दाम हलकं काढलंय.

जुलैमध्ये मुलीने विचारलं तेव्हा उत्तर द्यायची गरजच नव्हती. “कुणाला खटकलं?” एवढं विचारलं असतं तर पुरत होतं. काळ तसा होता हे खरं आहे, पण ते वाक्य मी प्रश्न बंद करायला वापरलं. साडेसहाची घाई हे कारण मी बरेच दिवस स्वतःला देत होते.

बाईंच्या शंकेबद्दल मात्र मी अजून ठाम नाही. मुलीकडे बैठक देणं जमून गेलं, कारण तिने स्वतःची अट घातली आणि आम्ही ती पाळली. तिने यादी वाचायची ठरवलं असतं आणि काका ऑगस्टआधीचेच काका असते, तर काय झालं असतं, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. पुन्हा अशी वेळ आली तर मी दोघांना मिळून चालवायला सांगेन, एक मोठा आणि एक लहान.

आणि ऑगस्टच्या गप्पांची नोंद ठेवायला हवी होती. आमच्या नोंदवहीत त्या दिवशीचं पान असं आहे: ‘पाऊस. उपस्थिती ७. विशेष काही नाही.’ सप्टेंबरच्या पानावर पुस्तकाबद्दल एकच ओळ आहे. तिच्यात ‘सावली’ लिहून खोडलंय, वर ‘पडछाया’ लिहून तेही खोडलंय, बाजूला बाईंच्या अक्षरात पुन्हा ‘सावली’, आणि त्याखाली पेन्सिलीने एक छोटी फुली.